ग्रीसमधल्या नाफ्प्लिओहून, फौजदार मित्रास

प्रिय बाळ्या,

गुडघ्यांना न विचारता आज पालामिदी किल्ला चढलो. पायऱ्या ९९९ सांगतात. मी साडेतीनशेनंतर मोजणं सोडलं. वर एक कोठडी आहे, जवळजवळ रांगतच शिरावं लागतं. कोलोकोत्रोनिसची म्हणून दाखवतात. १८२२ मध्ये देर्वेनाकियाच्या खिंडीत ज्यानं तुर्की फौजेची दाणादाण उडवली, तोच. स्वतंत्र ग्रीसनं १८३४ मध्ये त्याला राजद्रोहाखाली देहदंड सुनावला. दोन न्यायाधीश सही करेनात, तर त्यांना संगिनींच्या धाकानं खुर्चीवर आणून बसवलं. तरी सही केली नाही पठ्ठ्यांनी! पुढे शिक्षा कैदेवर आली आणि १८३५ मध्ये म्हातारा सुटला.

तुझी आठवण मात्र वेगळ्याच गोष्टीनं आली. तुर्की अमलात डोंगरातल्या बंडखोर दरोडेखोरांना ‘क्लेफ्त’ म्हणत, म्हणजे सरळ चोर. ते आवरेनात तेव्हा सरकार त्यांच्यातल्याच काहींना पगार देऊन घाट राखायला बसवी. पगार थकला की स्वारी पुन्हा डोंगरात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! १८२१ च्या तुर्कांविरुद्धच्या उठावात लढले त्यांत हेच पुढे होते.

१८३३ मध्ये बवेरियाचा सतरा वर्षांचा ओथोन राजा म्हणून इथेच उतरला. त्याच्या कारभाऱ्यांनी या लढवय्यांच्या टोळ्या मोडल्या आणि त्याच वर्षी फ्रेंच धर्तीवर ‘खोरोफिलाकी’ उभी केली. मुलुखाची राखण करणारं दल. पहिला प्रमुख ग्रायार, तोही फ्रेंच. जुन्यांपैकी काही या दलात शिरले, बरेच उपाशी राहिले, काही पुन्हा दरोड्यांकडे वळले. म्हणजे कालच्या सोबत्याला पकडायला कालचाच सोबती. (१९८४ मध्ये हे दल शहर पोलिसांत मिळून आजचे ग्रीक पोलीस झाले.)

उतरताना सेंट स्पिरिदोनच्या देवळाशी थांबलो. दाराजवळच्या भिंतीत काचेखाली गोळीची खूण जपली आहे. १८३१ च्या ऑक्टोबरात, रविवारी पहाटे, पहिला राज्यप्रमुख कपोदिस्त्रियास प्रार्थनेला येत होता. मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी त्याला दारातच गाठलं. त्या दोघांवर सरकारची पाळत होती, बरोबर दोन पहारेकरी दिलेले. ते पहारेकरीच कटात सामील!

आता तू सांग, तीस वर्षं नोकरी केलीस. अशा बंदोबस्ताची स्टेशन डायरीत नोंद कशी करतात रे?

वहिनींना नमस्कार. ऑलिव्ह आणतोय, लोणच्यासारखे भाताबरोबर खाऊ नकोस.

तुझा,
विन्या