खरखर कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपल्या संगीत समीक्षकांनी एका नव्या ब्लॅक मेटल (रॉकचाच एक वेगवान, कर्कश प्रकार) कॅसेटला पाचातले दीड तारे दिले. ताऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. कॅसेट मलाही बेताचीच वाटली. तक्रार कारणाबद्दल आहे. ‘आवाज घाण, गायक विहिरीतून ओरडतोय, मुद्रण हौशी’ एवढ्यावर निकाल लागला. या प्रकारात आवाज घाण आहे, हे तर पहिल्या पाच सेकंदांत कोणालाही कळतं. समीक्षकाचं काम त्यानंतर सुरू होतं.

मी टेप डेक दुरुस्त करतो. शिवाय फोटोकॉपी काढून वाटल्या जाणाऱ्या छोट्या अंकांतून बरीच वर्षं अशा डेमो (बँडने स्वतःच काढलेल्या नमुन्याच्या) कॅसेटींवर लिहिलं आहे, वाचक फार तर पाच-पन्नास. तेव्हा थोडं स्पष्ट लिहितो.

घाण आवाजही सगळा एका जातीचा नसतो. बॅथरी या स्वीडिश बँडचा 1984 सालचा पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या एका गॅरेजचा स्टुडिओ केला होता, तिथे झाला. जे हाताशी होतं त्यात भागवलं, म्हणून तो तसा वाजतो. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचं उलट. त्यांनी 1991 मध्ये चांगल्या स्टुडिओत नीटनेटका डेथ मेटल (मेटलचाच दुसरा प्रकार) अल्बम करून दाखवला होता. तरी 1994 च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’साठी त्यांच्यातल्या फेनरिझने ड्रम, गिटार, बास सगळं एकट्याने चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर चार वेगळे थर भरणाऱ्या, यंत्रावर वाजवलं आणि आवाज दिला त्याचा जोडीदार नॉक्टर्नो कल्टोने. शीर्षकगीत ऐका. ड्रम जात्यासारखा एका चालीत फिरत राहतो, वर गिटारचं तेच ते वळण, आणि तिसऱ्या मिनिटाला आपण मोजणं सोडून देतो. त्याच गाण्याला जाडजूड, चकचकीत ड्रम लावले तर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येईल आणि ही भूल उतरेल. पहिल्याची गरज होती, दुसऱ्याची निवड. परीक्षणात दोघांना ‘हौशी’ हा एकच शब्द कसा पुरेल?

आणि त्याच 1994 मध्ये, त्याच नॉर्वेत, मेहेम बँडचा ‘दे मिस्टेरीस डोम सथानास’ आला, तो बर्गनच्या ग्रीगहालन या भल्यामोठ्या संगीतगृहात मुद्रित झालेला. ड्रमला केवढी जागा मिळाली आहे ते कानाला कळतं. म्हणजे खरखर हा या संगीताचा नियम आहे, हा आमच्या बाजूच्या भक्तांचा समजही खरा नाही. कॅसेट ‘सूं’ करू लागली की डोळे मिटून पाचपैकी पाच देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. दीड तारेवाल्यांपेक्षा त्यांचा मला जास्त राग येतो, कारण ते आमचेच.

खरा कच्चा आवाज ओळखायचा कसा, ते माझ्या धंद्यातलं सांगतो. चार ट्रॅक पुरेनासे झाले की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवतात आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा वाजवतात. प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीचा थोडा आवाज मरतो आणि टेपची सूं वाढते. साधारणपणे ड्रम आधी वाजवलेला, म्हणून तो दोनदा उतरतो आणि गोधडीखाली घातल्यासारखा येतो. झांजांची धार जाते, उरते ती नुसती फुसफुस. गिटार मागाहून आलेली, म्हणून ती पत्र्यासारखी लखलखीत. असा थर कानाला लागला की कोणी काय कोणत्या क्रमाने वाजवलं याचा अंदाज बांधता येतो, आणि मला त्यात संगीताइतकीच गंमत वाटते. हल्ली काहीजण कॉम्प्युटरवर स्वच्छ मुद्रण करून वरून खरखर फासतात. तिथे सगळी वाद्यं सारखीच धुरकट असतात. गाणं संपलं की सूं कात्रीने कापल्यासारखी थांबते, पुढच्या गाण्याबरोबर परत उगवते. आपण परीक्षण केलेल्या कॅसेटवर नेमकं हेच आहे. दीड ताऱ्याचं ते चांगलं कारण झालं असतं.

आता माझी स्वतःची फजिती. एका डेमोबद्दल मी छापलं होतं, ‘झांजा मेलेल्या, गिटारला धार नाही, बँडला आपलाच आवाज ऐकू येत नसावा.’ चांगलं पाऊण पान तासलं. अंक वाटून झाला. आठवड्याभराने डेकवरची धूळ पुसताना पाहतो तो डॉल्बीचं (टेपची सूं दाबणाऱ्या सोयीचं) बटण आत दाबलेलं! ती कॅसेट डॉल्बीशिवाय भरलेली होती. अशी कॅसेट डॉल्बी लावून वाजवली की सूंबरोबर झांजाही दबतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. बटण काढलं, हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि परत ऐकलं. गिटार अंगावर आली. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर चूक कबूल केली. तेव्हापासून परीक्षणाच्या वर कशावर ऐकलं, मूळ कॅसेट की नक्कल, हे लिहितो.

नकलेचा प्रश्न किरकोळ नाही. फ्रान्समधला मुटिलेशन, व्लाद टेपेश वगैरे बँडचा गोतावळा घ्या. त्यांच्या मोजक्याच कॅसेटी निघाल्या आणि बाकीच्यांपर्यंत पोचल्या त्या नकलेच्या नकला. प्रत्येक नकलेत थोडी धार कमी, थोडी सूं जास्त. त्या धुक्याबद्दल लिहिलेली भारावलेली वाक्यं मी वाचली आहेत (दोन-चार माझीही आहेत). त्यातलं बँडचं धुकं किती आणि अधल्यामधल्या लोकांच्या डेकचं किती?

एका बाबतीत मात्र आपल्या समीक्षकांनी जास्त कडक व्हायला हवं होतं. कॅसेटच्या आतल्या कागदावर काय छापलंय याबद्दल परीक्षणात अक्षर नाही. वर ज्याची स्तुती केली त्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ असे शब्द होते, पुढे ते काढले. चार गाण्यांचे शब्द वर्ग विकेर्नेसचे; बर्झम हा त्याचा एकट्याचा बँड. मेहेमच्याच गिटारवादकाच्या खुनासाठी त्याला 1994 मध्येच शिक्षा झाली. मला अल्बम आवडतो आणि ही माहिती दडवून तो कोणाच्या हातात द्यावा असंही वाटत नाही. आवाजाला नाक मुरडायला दोन परिच्छेद मिळाले, मग कागद उलगडून वाचायला दोन ओळी मिळाल्या असत्या.

आपल्या समीक्षकांना एवढंच विचारायचं आहे की ही कॅसेट त्यांनी कॅसेटवर ऐकली की पाठवलेल्या फाइलवरून, फोनच्या स्पीकरवर? छापायला जागा नसेल तर मला कळवलं तरी चालेल. आणि डेक असेल, तर डॉल्बीचं बटण एकदा पाहून घ्यावं.

कळावे,
आपला,
एक टेप डेक दुरुस्तीवाला