कॉवेल सर, मास्टर माझ्याकडेच राहिली

आदरणीय स्टॅन्ली कॉवेल सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अमेरिकेतले जॅझ पियानोवादक. डिसेंबर २०२० मध्ये गेलात आणि तुमचं नाव मला कळलं त्यानंतर. तेव्हा हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ठाऊक आहे. पण आभार मानायचेत, तर चारचौघांत मानावेत.

मी पेटीवाला. २० वर्षं साथीला बसलो, मग एकदाचं सोलो रेकॉर्डिंग केलं. एका कंपनीने करार पाठवला: एकरकमी पैसे आणि सगळे हक्क कायमचे त्यांचे. खोटं कशाला सांगू, पेनाचं टोपण काढलं होतं. त्याच आठवड्यात मित्राने तुमची १९७४ची रेकॉर्ड ‘मुसा: अँसेस्ट्रल स्ट्रीम्स’ ऐकवली. साथीला कोणी नाही, तुम्ही एकटेच. रेकॉर्डवर कंपनीचं नाव ‘स्ट्राटा-ईस्ट’. ही कोण, म्हणून शोधायला गेलो आणि करार तसाच पडून राहिला.

तुम्ही आणि ट्रम्पेटवाले चार्ल्स टॉलिव्हर, दोघांनी बिग बँडचं रेकॉर्डिंग करून ठेवलेलं. घ्यायला कोणी तयार होईना. मॅक्स रोचसारख्या बड्या जॅझ ड्रमरबरोबर वाजवलेल्या माणसाची ही गत! मग १९७१ मध्ये न्यूयॉर्कला तुम्ही स्वतःचीच कंपनी काढली. रेकॉर्डिंग कलाकाराने स्वतःच्या खर्चाने करायचं, पण मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, तीही त्याचीच. कवी-गायक गिल स्कॉट-हेरन आणि त्यांचे जोडीदार संगीतकार ब्रायन जॅक्सन यांची ‘विंटर इन अमेरिका’ ही रेकॉर्ड तुमच्याकडूनच आली. शिवाय तुमचा तो ‘पियानो क्वायर’, सात पियानोवादक एकत्र! आमच्याकडे सात पेटीवाले एकत्र बसवले तर आधी पट्टीवरूनच जुंपेल.

अमेरिकेतल्या टोलीडो गावच्या तुमच्या घरी जॅझ पियानोचे दिग्गज आर्ट टेटम आले आणि पियानो वाजवून गेले, तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात. हे वाचून हसू आलं. मैफलीनंतर आमच्याही घरी बुवा जेवायला यायचे, भिंतीला टेकलेली पेटी ओढून घ्यायचे. मी दाराआडून त्यांची बोटं बघायचो.

सही केली नाही, सर. मेव्हण्याकडून उसने घेतले, स्टुडिओचं बिल भागवलं. मेव्हणा अजून विचारतो, पैसे कधी सुटणार. तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, “ते फेडणारेत का?”

मास्टरची हार्ड डिस्क आईच्या कपाटात आहे, पैठणीखाली. किल्ली तिच्या कमरेला.

आपला कृतज्ञ,
एक पेटीवाला