श्रीरामपूरला शिकणाऱ्या लेकीस

नगर,
रविवार, उपासनेनंतर

चि. सोनू,

प्रभूच्या नावात सलाम आणि आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलता येत नाही. तुझा आवाज कापरा झाला की मलाही पुढचं सुचत नाही, मग पपा फोन घेतात आणि जेवलीस का एवढं विचारून ठेवून देतात. म्हणून आज लिहायला बसले. तू दोन गोष्टी बोललीस. ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला इतक्या लांब येऊन हे एवढंसं कॉलेज, पुण्याच्या मैत्रिणींना त्याचं नावही ठाऊक नाही, ही एक. आणि दुसरी, मला वाटतं खरी हीच, की शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, मोशेची पाच पुस्तकं मोशेने लिहिलेली नाहीत, वेगवेगळ्या काळातल्या माणसांच्या हातून ती घडली, असं वर्गात शिकवलं, आणि तेव्हापासून प्रार्थनेला बसलीस तरी मन लागत नाही.

नावाचं म्हणशील तर इथे चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या बायकांना अजून वाटतं तू आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला आहेस. शनिवारी-रविवारी घरी येते का, असं विचारतात. मी प्रत्येकीला सांगते, कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठी, डॅनिश लोकांच्या जुन्या वसाहतीत. मला सांगायला आवडतं. आपल्या देशातल्या कितीतरी पाळकांच्या पदवीवर, ते पुण्यात शिकलेले असोत की बंगळुरात, सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेज, म्हणजे तुमच्याच श्रीरामपूरचं, हेच नाव असतं. तुझ्या मैत्रिणींना माहीत नसेल, पण ज्या मंडळ्यांत तू पुढे काम करणार आहेस तिथे ते माहीत आहे.

आणि लहान म्हणजे काय ग? तुमचं कॉलेज १८१८ साली सुरू झालं तेव्हा ३७ विद्यार्थी होते. त्यातले १९ ख्रिस्ती, बाकीचे नव्हते. चालवणारे तिघे इंग्रज मिशनरी: कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड. कॅरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला माणूस. ते आले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून ते डेन्मार्कच्या राजाच्या हद्दीत राहिले. डेन्मार्कच्याच राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली. पुढे १८४५ साली डॅनिशांनी ते गाव इंग्रजांना विकलं, तेव्हाही कॉलेजचे हक्क करारात राखले गेले. पण सनद हातात असूनही ब्रह्मविद्येच्या, म्हणजे तुझ्या धर्मशास्त्राच्या, पहिल्या बी.डी. पदव्या दिल्या गेल्या त्या थेट १९१५ साली. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं तो हक्क तसाच पडून होता. कधी पैसा नव्हता, कधी माणसं नव्हती, कधी वर्गच बंद पडले. तुझ्या आधी शिकलेल्यांनी ते कसं टिकवलं असेल, हे मी पपांना वाचून दाखवत होते.

तुला नदीकडच्या त्या उंच खांबांखाली सोडून आम्ही परत निघालो तेव्हा पपा गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या आज्याला गावातल्या शाळेत ओसरीवर बसवायचे. तेवढंच म्हणाले. तुमच्या कॉलेजच्या जुन्या नियमावलीत लिहिलंय की जात, वर्ण किंवा देश यांवरून कुणालाही प्रवेशाला अडवायचं नाही. हे लिहिलं गेलं त्या काळात आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या माणसाला पाटीपेन्सिलही कुणी देत नव्हतं. आपलं घराणं मिशनच्या शाळेतून वर आलं. मी स्वतः अहमदनगर कॉलेजात शिकले. तेही १९४७ साली डॉ. हिवाळ्यांनी मिशनच्या पाठबळावर उभं केलेलं, आणि माझ्या वर्गात सगळ्या जातीधर्मांची मुलं होती. चर्चच्या मुळातून उगवलेली शाळा चर्चपुरती राहिली नाही, हेच मला तिचं मोठेपण वाटतं. तुझ्या खोलीतली मिझोरामची मुलगी, शेजारची नागालँडची, खालच्या मजल्यावरची ओडिशाची, यांच्याशी इंग्रजीत अडखळत बोलतेस म्हणालीस. बोलत राहा. आणि बांगला शिक. बाजारात, नावेवर, रविवारी ज्या मंडळीत कामाला पाठवतात तिथे, इंग्रजीवर भागवू नकोस.

आता मोशेचं.

तू घाबरलीस याचं मला नवल वाटलं नाही. पण मला वाईट याचं वाटलं की तुला वाटलं, हे आईला सांगितलं तर आई परत बोलावून घेईल. मी बोलावणार नाही. मी मराठीची मास्तरीण, हिब्रू मला येत नाही, पण शास्त्र मी लहानपणापासून वाचत आलेय. त्या पाचांतल्या शेवटच्या पुस्तकात, अनुवादाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे मरतो, त्याला पुरतात, लोक तीस दिवस शोक करतात. हे मोशेने कसं लिहिलं असेल, हा प्रश्न शाब्बाथ शाळेतली दहा वर्षांची पोरंही विचारतात. पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यांत शेवटी येतो आणि दुसऱ्यात झाडाझुडपांच्याही आधी. हे काही सरांनी आणून ठेवलेलं नाही, ते शास्त्रातच आहे. आपण भराभर वाचतो म्हणून दिसत नाही, एवढंच.

आता तुझ्या कॉलेजच्याच अंगणातली गोष्ट सांगते, कारण ती आपल्या भाषेची आहे. मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत प्रथम छापलं गेलं ते तिथेच, मिशनच्या छापखान्यात, १८०५ मध्ये. त्याच वर्षी कॅरीचं मराठी व्याकरण आलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत, आणि त्या कामात कॅरीला वैजनाथ पंडितांची मोठी मदत होती. मग १८११ मध्ये सबंध नवा करार. महाराष्ट्रात तेव्हा पेशवाई होती, आणि आपल्या भाषेच्या छपाईचे खिळे दीड हजार कोसांवर नव्हे पण तितक्याच परक्या मुलखात, बंगाली कारागीर पाडत होते. मधे ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं, कागद, कितीतरी भाषांचे खिळे जळाले. ते लोक पुन्हा कामाला बसले.

पण ती मराठी आपल्या लोकांना नीट पोचली नाही. परमुलखात बसून केलेली, बोलीपासून दूरची. मग मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी पुन्हा मुळापासून काम केलं, १८२६ मध्ये त्यांचा नवा करार निघाला, १८४७ पर्यंत पूर्ण शास्त्र झालं. त्यावरही पुढे फेरतपासण्या झाल्या. आणि पंडिता रमाबाईंना तेही पुरेसं वाटलं नाही. साध्या खेडवळ बाईला कळेल असं शास्त्र हवं म्हणून त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला बसून सगळं भाषांतर केलं, आणि मुक्ती मिशनच्या बायकांनी आणि मुलींनी ते छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ ला बाहेर आला.

हे तुला का लिहितेय, तर तुझ्या आजीच्या उशाशी जे शास्त्र असायचं ते असं, हातांमागून हात लागून, चुका काढून, पुन्हा पुन्हा तपासून तिच्यापर्यंत आलं होतं. आणि तिच्यासाठी ते देवाचंच वचन होतं, त्यात तिला तिळमात्र शंका नव्हती. ते माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलाय, कण्याला तिने लुगड्याची पट्टी डकवली होती. पहिल्या कोऱ्या पानावर सगळ्यांच्या जन्माच्या तारखा आहेत, तुझी सर्वांत खाली, निळ्या शाईत. आतमध्ये पेन्सिलीच्या खुणा आहेत. मी शोधून पाहिलं, सगळ्यांत जास्त खुणा ईयोबाच्या पुस्तकात, त्या निर्दोष असून सोसणाऱ्या माणसाच्या गोष्टीत, आहेत. तुझे आजोबा तरुणपणी गेले तेव्हाच्या असणार. एका ओवीपाशी तिने नुसतं ‘का?’ असं लिहिलंय. ती देवाला प्रश्न विचारत होती आणि दर रविवारी पुढच्या बाकावर बसतही होती. ईयोबाच्या शेवटी देव त्याच्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही. ते मित्र तर सबंध पुस्तकभर देवाची बाजू घेत असतात.

म्हणून तू प्रश्न वर्गातच सोडून येऊ नकोस. सरांना खोलीवर जाऊन विचार, पटत नसेल तर पटत नाही म्हण. लहान कॉलेजात हेच मिळतं, सर तुला नावाने ओळखतात. मोठ्या विद्यापीठात दोनशे मुलांत तू तोंड उघडलं नसतंस, मला माहीत आहेस तू. हिब्रू जड जातंय म्हणालीस. क्रियापदांची रूपं रोज थोडी म्हण, मोठ्याने म्हण, जशी मी तुझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. रमाबाई काही लहान वयात ती भाषा शिकल्या नव्हत्या.

एक काम माझ्यासाठी कर. कॅरी ग्रंथालयात जाऊन जुनी मराठी पुस्तकं बघायला मिळतात का विचार. कोश, व्याकरण, ‘सिंहासन बत्तिशी’, जे दाखवतील ते. हात लावू देणार नाहीत, पण बघ. मोडी तुला वाचता येणार नाही, तरी अक्षरांचं वळण बघून ठेव आणि मला सविस्तर लिही.

अजून एक. परवा मंडळीच्या बैठकीनंतर एक जण पपांना म्हणाला, मुलीला एवढं शिकवून काय, बाईला वेदीवर कोण उभं करणार. आपल्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते हे त्यालाही ठाऊक आहे, पटत नाही इतकंच. पपा म्हणाले, ती उभी राहील तेव्हा तुम्ही पहिल्या बाकावर या. मी दारात उभी राहून ऐकत होते. तुझ्यासमोर ते कधी बोलणार नाहीत म्हणून मी लिहितेय.

पार्सल उद्या टाकते. शेंगदाण्याची चटणी, थोडे डिंकाचे लाडू, आणि ज्वारीचं पीठ. तिथल्या दमट हवेत पिठाला लवकर जाळी धरते, तेव्हा आधी तेच संपव. मेसच्या माशाच्या रश्श्याला नाक मुरडू नकोस, त्या मिझो मुलीला भाकरी करून घाल. मच्छरदाणी लावतेस ना? पाणी उकळून.

नाताळाचं तिकीट आत्ताच काढ. आझाद हिंदला डिसेंबरात जागा मिळत नाही आणि वेटिंगवर मी तुला येऊ देणार नाही. कॅरलच्या फेरीला तू हवी आहेस, अल्टोच्या आवाजात गायला यंदा कुणी नाही. परीक्षेची तारीख लागली की लगेच कळव, म्हणजे पपा इथून बुकिंग करतील. पैसे पहिल्या तारखेला पाठवलेत, बघून घे.

तुझी,
आई