अण्णांच्या टॅक्सीची चमक

डोंबिवली,
श्रावणातला शनिवार

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "झाली का गाडी?" आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. खरं सांगायचं तर तेव्हा ती, म्हणजे तुझ्या अण्णांच्या पद्मिनी टॅक्सीची छोटी प्रतिकृती, बिघडून पडली होती. आता सावरली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलोय. तूही पुढच्या महिन्यात तुझ्या छोट्या जीपला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चमकदार थर, मारणार आहेस, तेव्हा हे वाचून मगच एअरब्रश हातात घे.

गाडी आणली तेव्हा ती मुलांच्या खेळण्यातली पद्मिनी होती, 16 सेंटिमीटरची. खरी गाडी 4 मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे साधारण 1/24 चं माप. सगळी सुटी केली, साच्याच्या रेघा घासल्या, दरवाज्यांच्या फटी सुईनं खोल केल्या. पांढऱ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, आधी टपाचा पिवळा, तो वाळल्यावर टेप लावून खाली काळा. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. टपावर काचेच्या वर, अण्णांच्या गाडीवर पेंटरनं लिहिलं होतं तसं, लाल अक्षरांत 'आई एकवीरा प्रसन्न'. ते डेकल, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायची छापील अक्षरं, मी घरच्या प्रिंटरवर काढलं.

घात झाला तो क्लिअरला. आषाढात सलग चार दिवस पाऊस, भिंतींना ओल, आणि मला सुट्टी एकाच रविवारची. खिडकी उघडून लॅकर क्लिअर, म्हणजे थिनरमधला झटपट वाळणारा, मारला. ओला होता तोवर गाडी आरशासारखी दिसत होती. पाच मिनिटांत बॉनेटवर धुकं धरायला लागलं. दहा मिनिटांत सगळा काळा रंग दुधाचा हात लागल्यासारखा पांढरट.

याचं कारण समजून घे, म्हणजे पावसाळ्यात मोह होणार नाही. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, तसाच घाम त्या ओल्या थरावर येतो, आणि थर तो पोटात घेऊनच वाळतो. आपल्याला दिसतो तो पांढरेपणा त्या ओलाव्याचा. म्हणून उपाय एकच: थर पुन्हा किंचित मऊ करायचा आणि ओलावा निघून जायला वेळ द्यायचा. मी पाऊस उघडायची वाट पाहिली, आठवड्यानं एक कोरडी दुपार मिळाली. तेव्हा सावकाश उडणारा, रिटार्डरवाला लेव्हलिंग थिनर नुसताच, अगदी हलका फवारला. बॉनेट डोळ्यांदेखत परत काळं झालं. पक्या, त्या क्षणी जो श्वास सोडला तो शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल.

टप मात्र वाचला नाही. तिथे मी पहिलाच हात भरून मारला होता. डेकलवर पहिला हात असा ओला कधीच मारायचा नाही. घरच्या प्रिंटरची शाई आणि डेकलची पातळ फिल्म, दोन्ही लॅकरच्या थिनरला टिकत नाहीत. 'प्रसन्न'चा 'न्न' फुटला, लाल रंग पिवळ्यात उतरला आणि फिल्मची कड सुरकुतली. टप पार प्रायमरपर्यंत घासला आणि पुन्हा रंगवला. दुसऱ्या वेळी डेकलच्या कागदावरच, पाण्यात सोडण्याआधी, क्लिअरचे तीन कोरडे फवारे दिले. ते बसवून दोन दिवस वाळू दिलं. मग टपावर आणखी दोन धुक्यासारखे फवारे, प्रत्येकात अर्धा तास. त्यानंतरच ओला हात. या वेळी अक्षर हललं नाही.

प्रेशर मी 15 ते 18 पीएसआय ठेवतो. सुरुवातीला क्लिअर आणि थिनर एकास एक, शेवटच्या हाताला एकास दोन. लांबून मारलंस तर थेंब हवेतच वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो, फार जवळून मारलंस तर ओघळ. बोटाच्या लांबीएवढं ते दीडपट अंतर माझ्या हाताला बसलंय. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा.

वाळवण्यासाठी एका मोठ्या डब्यात बल्ब लावलाय. आत 40 अंशांच्या आसपास ऊब राहते, प्लॅस्टिकला धक्का लागत नाही आणि धूळही बसत नाही. हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं धरू नकोस. नाक जवळ ने. थिनरचा वास येतोय तोवर आतला थर मऊच आहे, त्यावर पॉलिश पेपर लावलास तर चार दिवसांनी ओरखडे परत वर येतात. मी पूर्ण दोन आठवडे थांबलो.

मग 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून. इथे दुसरी जखम झाली. पद्मिनीच्या मागच्या बाजूला ते छोटे पंख आहेत ना, दिव्यांच्या वरचे, त्यांच्या धारेवर क्लिअर मुळातच पातळ बसतो. दोन घासण्यांत पांढरा प्रायमर दिसायला लागला. बारीक ब्रशनं काळा भरला, वर क्लिअर टिपला, पुन्हा दहा दिवस. आता घासायच्या आधी सगळ्या धारांवर टेपची बारीक पट्टी लावतो आणि धार शेवटी नुसत्या कंपाउंडनं, म्हणजे पॉलिशच्या पेस्टनं, उजळतो.

किती घासायचं हे ट्यूबलाइट सांगते. गाडी तिच्याखाली धरायची आणि बॉनेटमधलं तिचं प्रतिबिंब बघायचं. वेडंवाकडं, थरथरल्यासारखं दिसलं तर अजून साल आहे. माझ्या बॉनेटमध्ये परवा ट्यूबलाइट फुटपट्टीनं आखल्यासारखी दिसली, ट्यूबवरचा कंपनीचा शिक्कासुद्धा उलटा वाचता आला. तिथे थांबलो. कंपाउंडचे तीन हात, जाड ते बारीक, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं, आणि संपलं.

तू म्हणालास, टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर, का नाही मारलास, एका हातात काच होते. होते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं एकदा का श्वासनलिका बिथरली, की पुढे दम्यासारखा त्रास जन्मभर पाठ सोडत नाही. करोनात वापरले ते एन-95 मास्क वाफ अडवत नाहीत, लॅकरला कार्बन कार्ट्रिजचा मास्क वापर, पण टू-केला तोही पुरेसा धरत नाहीत, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्याकडे आईला आधीच दमा आहे, त्यामुळे टू-के घरात येणार नाही. तुझ्या घरी लहान मूल आहे, तूही आणू नकोस. ही माझी कळकळीची विनंती समज.

आणि समजा धोका नसता, तरी या गाडीला मी तो लावला नसता. खऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण 100 मायक्रॉन भरतो. त्याला 24 नं भागलं तर उरतात 4. आपल्या केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट. इतका पातळ थर आपल्याला जमणं शक्य नाही, पण निदान त्या दिशेला तरी राहावं. जाड क्लिअरखाली दरवाज्यांच्या फटी बुजतात आणि गाडी साखरेच्या पाकातून काढल्यासारखी दिसते. टॅक्सीला तर अशी चमक कधी नव्हतीच. अण्णांच्या गाडीवर क्लिअर कुठला, चमक होती ती काळ्या रंगाची आणि अण्णांच्या हाताची. पहाटे चाळीखाली बादली घेऊन ते गाडी पुसायचे, ओलं फडकं आणि मग कोरडं, ते आठवतं ना? दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी तर दोन तास. बॉनेटमध्ये आपल्या चाळीचे जिने दिसायचे, थोडे मऊ, थोडे धुरकट. मला ती दसऱ्याच्या सकाळची चमक हवी होती. म्हणून ट्यूबलाइटनंतर बॉनेटवरून एकदा बारीक कंपाउंड मुद्दाम कोरड्या फडक्यानं फिरवलं, काचेची धार थोडी मोडली. आता बरोबर दिसतंय असं मला वाटतं. अण्णाच सांगतील.

29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या त्याच तारखेनंतर मुंबईत एकही उरली नाही. ती बातमी आली त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत असं तू म्हणाला होतास. तेव्हाच ही गाडी करायचं मी ठरवलं होतं, तुला बोललो नव्हतो.

गणपतीला चिपळूणला येतोय. रेल्वेत खोका मांडीवरच ठेवणार. चाकं, काचा, टपावरचा कॅरियर सगळं लागलंय. फक्त डाव्या बाजूचं बाहेरचं मीटर चिकटवलेलं नाही, ते वेगळ्या डबीत ठेवलंय. फोटोंत प्रत्येक गाडीवर ते थोडं इकडेतिकडे दिसतं. अण्णांचं नेमकं कुठे होतं, आणि रिकामी गाडी उभी असताना झेंडा कसा असायचा, ते त्यांनाच दाखवू दे. येताना गोंद घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझाच,
दिन्या