बंड्या, फोन उचलत नव्हतो त्याबद्दल

पुणे, 4 जानेवारी 2026
रविवार, रात्री साडेबारा

प्रिय बंड्या,

आधी शिव्या घालून घे. गणपतीपासून तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही, आणि दिवाळीला फराळाच्या ताटाचा जो फोटो पाठवला तो सत्तावीस जणांना एकदम पाठवलेला होता हे तू ओळखलंस, ते तुझ्या नुसत्या अंगठ्यावरूनच कळलं मला. बिझी होतो वगैरे काही नाही. तू "काय चाललंय" विचारणार आणि मी खरं सांगून बसणार, म्हणून नाही उचलला. तब्येत ठीक. शुगर बॉर्डरवर, गोळी चालू. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला माझ्या घरातली धूळपण दिसते.

तर झालं असं. एक तारखेला सकाळी सोनूच्या खोलीत चार्जर शोधायला गेलो, कपाट उघडलं, तर दाराला एक कागद चिकटवलेला. आतल्या बाजूनं, बरं का. फुलस्केप, पट्टीनं रेघा मारलेल्या, हेडिंग लाल पेननं. बंड्या, मला पुढचं वाचायची गरजच नव्हती. उठणे 4:30. थंड पाण्यानं आंघोळ. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, मॉक, मॉकचं अ‍ॅनालिसिस, झोप 11:30. आणि आपल्या वेळी उजवीकडे "दंड" म्हणून कॉलम होता ना, तिथं ह्यानं जेईईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या एंट्रन्सचं, मार्किंग लावलंय. वेळेवर उठलो, प्लस चार. नाही उठलो, मायनस वन. रील बघितलं, मायनस वन. दुपारी झोपलो, मायनस वन. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, दिवसाची बेरीज 20 च्या खाली आली तर रात्री जेवण नाही.

चार्जर हातात घेऊन तिथंच पलंगावर बसलो मी.

तीन तासांत 75 प्रश्न, 300 मार्क, चुकलं की एक कापतात. पेपरात ठीक आहे, पोरांनी तुक्के मारू नयेत म्हणून केलंय. पण दुपारच्या झोपेला कसलं निगेटिव्ह मार्किंग लेका! ह्या महिन्याच्या शेवटी जेईई मेनचा पहिला अटेंप्ट, फेब्रुवारीत बोर्ड, एप्रिलमध्ये परत मेन. क्लासवाले रोज पर्सेंटाइलचा मेसेज टाकतात, पोराच्या आधी माझा मोबाईल वाजतो. मला आता त्या आवाजानंच पोटात ढवळतं, मग पोराला काय होत असेल.

तुझं टाइमटेबल आठवतंय तुला? 1 जानेवारी 1994, तुमच्या माडीवर, एकाच फुलस्केपच्या दोन पानांवर आपण दोघांनी केलं होतं. माझ्यात पहाटे चार. तुझ्यात "5 ते 5:30 चहा" आणि पुढे "गणित (जमल्यास)". ते जमल्यास तू चार ठिकाणी लिहिलं होतंस साल्या, आणि मी किती हसलो होतो, वर्गात सगळ्यांना सांगितलं, आणि पुढचे दोन महिने सगळे तुला जमल्या म्हणत होते. त्याबद्दल आज माफी मागतो, 32 वर्षं लेट. (तुझ्या हर्क्युलिस सायकलच्या चेनबद्दल मागणार नाही. ती आधीपासून ढिलीच होती.)

माझं पुढं काय झालं ते तुला सांगायला नको. पण कुणाला तरी सांगायचंय रे, आणि तुझ्याशिवाय माहीत असणारं आहे कोण? प्रिलिमला फिजिक्समध्ये 31. त्या आधीचे सहा दिवस मी रात्री जेवलो नव्हतो, दंड म्हणून, आणि आईला वाटत होतं पोरगं देवाचं काहीतरी करतंय. मग मिरज. नॅरोगेजचा प्लॅटफॉर्म, पंढरपूरची गाडी लागलेली, आणि मी बाकड्यावर, पायात स्लिपर. तिकीट काढलं नव्हतं हे तुला माहितीये. कुठं जायचं ठरलं नव्हतं, हेही. त्याच्या पुढचं तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही, आत्ताही लिहीत नाही. तू सांगलीपासून सायकल हाणत आलास, काही बोलला नाहीस, भडंगाची पुडी दिलीस आणि म्हणालास, "डबलसीट बस, पण विश्रामबागला उतरून ढकलायला लागंल."

आणि मग तू दादांना सांगितलंस. त्यावरून मी तुझ्याशी चार महिने बोललो नाही, गद्दार म्हणालो, तुझ्या बहिणीच्या लग्नात जेवलो नाही, फक्त आइस्क्रीम खाल्लं. आता ह्या कागदासमोर बसल्यावर पहिला विचार काय आला माहितीये? सोनूचा बंड्या कोण आहे? आहे का कोणी? असला तर तो मला सांगेल का? त्याच्या मित्रांची नावं आठवायला लागलो तर दोनच आठवली, आणि त्यातला एक आठवीतच नागपूरला गेलाय.

हिला बोललो. ही म्हणते पोरगं सिन्सियर आहे, तूच कशाला पॅनिक होतोस, सगळ्यांची पोरं असंच करतात. तिचंही बरोबरच असेल. तिला मिरज माहीत नाही ना. बावीस वर्षांत सांगितलं नाही मी. आधी लाज वाटायची, मग विषय निघाला नाही, आणि आता सांगायचं म्हणजे "एवढी वर्षं का नाही सांगितलंस" हे वेगळं प्रकरण होईल.

मी स्वतः काय करतो दर वर्षी ते तुला माहितीये. जिमचे वर्षाचे पैसे भरतो, अकरा दिवस जातो. डायरी आणतो, 9 जानेवारीपर्यंत लिहितो, मग हिच्या धोब्याचा हिशोब त्यात. ह्या वेळी काही आणलं नाही. दुधाच्या बिलाच्या मागं तीन गोष्टी लिहिल्या, दूध आणायला स्कूटर न काढता चालत जायचं, जेवताना पोराला मार्क विचारायचे नाहीत, आणि बंड्याचा फोन आला तर उचलायचा. तिन्हीपुढे कंसात जमल्यास. तुझी नक्कल आहे, रॉयल्टी मागू नकोस. आईला दाखवलं तर म्हणाली, आपलं वर्ष पाडव्याला सुरू होतं, 19 मार्चला, तोवर तुझी रंगीत तालीम समज. मला ते फार आवडलं. अडीच महिने चुकायला मोकळा.

दुसरी गोष्ट दोन तारखेलाच मोडली. वरण वाढता वाढता तोंडातून गेलंच, "कालच्या मॉकला किती पडले?" पळी तशीच हातात, सोनू ताटाकडे बघतोय, ही माझ्याकडे. मी पटकन म्हणालो, "गेला, मला मायनस वन." पोरगं वर बघून म्हणालं, "पप्पा, तुम्हाला निगेटिव्ह मार्किंग नाही. तुम्ही बोर्डवाले." आणि हसलं. हसताना त्याचा तो वाकडा दात दिसला, किती दिवसांनी ते मोजायला नको. मी कागद बघितलाय हे त्याला तेव्हाच कळलं असणार. दोघंही त्यावर काही बोललो नाही, पण त्यानं भात दोनदा घेतला.

मला वाटलं सुटलो. काल परत कपाट उघडून बघितलं (हो, चोरून, काय करू?) तर दुपारच्या झोपेपुढे मायनस वन होतंच. बेरीज 17. आणि रात्री "क्लासमध्ये वडापाव खाल्ला, भूक नाही" म्हणाला. वडापाव खाल्ला होता की नाही, ह्यावर मी आज दिवसभर विचार करतोय. सकाळी त्याच्या पँटच्या खिशात दिलेले पन्नास रुपये तसेच होते.

म्हणून लिहितोय. मिरजेचं त्याला सांगू का? परीक्षा तोंडावर असताना बापानं असलं काही सांगावं का? मी सांगायला लागलो की ते भाषण होतं, "आमच्या वेळी" असं सुरू होतं माझं, मलाच ऐकवत नाही. तू सांगितलंस तर तो हसत ऐकेल. तुझं काका म्हणून वजन आहे, तू त्याला लहानपणी तंबाखूची डबी उघडायला शिकवली होतीस, ते अजून ही विसरलेली नाही.

आणि एक विचारायचं होतं, कधीच विचारलं नाही. त्या दिवशी मी मिरजेला आहे हे तुला कसं कळलं?

तुझं कसं आहे? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? कलमांना मोहोर धरला का यंदा, का परत तुडतुडे? छोटीचा व्हिसा आला का? महावितरणमधून व्हीआरएस घेणार म्हणत होतास, घेऊ नकोस, घरी बसून वहिनींना छळशील.

रविवारी रात्री नऊनंतर तो घरी असतो. तेव्हा लाव फोन. मी उचलतो आणि त्याच्याकडे देतो. आत्ता त्याच्या खोलीत लाइट दिसतोय, कागदाप्रमाणे साडेअकरालाच झोपायला पाहिजे होता, म्हणजे आणखी एक मायनस. भात आहे उरलेला, फोडणीचा करतो. दोघं खाऊ.

तुझा,
पिंट्या