लेखा विभागातील एका सहकारी बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

आपले नाव या पत्रात येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. मात्र आभार खासगीत मानून विषय संपवणे मला योग्य वाटत नाही, कारण आपण जे काम केले ते आपल्या विद्यापीठाच्या कोणत्याही कागदावर काम म्हणून नोंदलेले नाही. येथे संशोधन अनुदानाचे प्रस्ताव सादर करण्यासाठी स्वतंत्र कक्ष नाही आणि आपली नेमणूक वेतन देयकांसाठी आहे. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या विभागातून बाहेर गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रस्ताव आधी आपल्या नजरेखालून गेला.

जेथे असा कक्ष असतो, तेथे प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेतील अटी कोणी तपासायच्या, अंदाजपत्रक कोणी मांडायचे, अधिकृत स्वाक्षरी कोणाची घ्यायची, हे प्रश्न संशोधकापर्यंत फारसे येत नाहीत. जेथे तो नसतो तेथे ही सारी कामे मुख्य संशोधकाच्या माथी येतात आणि मूळ कल्पनेवर विचार करण्याचा वेळ खातात. ऑस्ट्रेलियात २०१२ साली सर्वांत मोठ्या वैद्यकीय संशोधन अनुदान योजनेसाठी आलेल्या ३,७२७ प्रस्तावांच्या तयारीत संशोधकांची मिळून कामाची सुमारे ५५० वर्षे खर्च झाली, असा अंदाज तेथील अभ्यासकांनी मांडला होता. त्यांपैकी मंजूर झाले जेमतेम एक पंचमांश. कक्ष असणाऱ्या विद्यापीठांचाही त्या आकड्यात समावेश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपण आमचे किती ओझे उचललेत याची कल्पना येते.

सूचनापत्र शेवटाकडून वाचायला आम्ही आपल्याकडून शिकलो. आम्ही उद्दिष्टांच्या परिच्छेदाने भारावून जात असू. आपण थेट पात्र खर्चाच्या, संस्थेच्या नोंदणीच्या आणि स्वाक्षरीच्या अटींकडे वळत असा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे अर्ज करायचा तर विद्यापीठाच्या निरनिराळ्या नोंदण्या आधी झालेल्या असाव्या लागतात आणि त्यांची सुरुवात किमान सहा आठवडे आधी करावी, असे ती संस्थाच सांगते. शिवाय अमेरिकी सरकारच्या केंद्रीय नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. युरोपीय संघाच्या व्यवस्थेत विद्यापीठाला नऊ अंकी ओळख क्रमांक असतो आणि संस्थेच्या वतीने एक प्रतिनिधी नेमावा लागतो. यांतील एकही गोष्ट विज्ञानाची नाही, पण एक जरी राहिली तरी विज्ञान कोणी वाचायलाही घेत नाही. आपण या सर्व नोंदण्यांच्या मुदतींची एकच तक्ता-फाइल केलीत आणि कोणी न सांगता ती अद्ययावत ठेवलीत.

परंतु मला सर्वाधिक लिहायचे आहे ते अंदाजपत्रकाविषयी. बहुतेक संशोधक अंदाजपत्रक शेवटच्या आठवड्यात, रकमेच्या कमाल मर्यादेपासून मागे मोजत तयार करतात; हे सर्वांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. आपण ते कार्ययोजनेच्या शेजारी ठेवून वाचत होता. सहायकाच्या पगारात वार्षिक वाढ आणि नियोक्त्याचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा धरला आहे का, परकीय चलनातील खरेदीसाठी विनिमय दराच्या चढउताराची तजवीज आहे का, लेखापरीक्षणाचे शुल्क कोणत्या शीर्षाखाली जाणार, हे आपले नेहमीचे प्रश्न. त्यांच्याही पलीकडचा प्रश्न आपण आमच्या शेवटच्या प्रस्तावाच्या वेळी विचारलात: उपकरणाची हमी दुसऱ्या वर्षी संपते, मग तिसऱ्या वर्षी ते बंद पडले तर उरलेले नमुने कोठे तपासणार?

त्या एका प्रश्नाने प्रकल्पाची रचना बदलली. उपकरण विकत घेण्याऐवजी नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायचे आणि वाचलेल्या रकमेतून तंत्रज्ञाची नेमणूक शेवटच्या वर्षापर्यंत न्यायची, असे आम्ही ठरवले. लगेच आपला पुढचा प्रश्न आला: ती प्रयोगशाळा भागीदार म्हणून दाखवणार की उपकंत्राटदार म्हणून? होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन अनुदान कार्यक्रमात अप्रत्यक्ष खर्च (जागा, वीज, कार्यालयीन कामकाज यांसारखा) थेट खर्चाच्या २५ टक्के अशा सरसकट दराने मिळतो, पण उपकंत्राटाची रक्कम त्या हिशेबातून वगळली जाते. शिवाय भागीदाराला संशोधनाच्या निष्कर्षांवर हक्क असतो, उपकंत्राटदाराला सहसा नसतो. पैशाचा वाटणारा हा प्रश्न प्रत्यक्षात संशोधन कोणाचे, हा होता. त्यावर सहकाऱ्यांत जी चर्चा झाली ती आमच्या विभागात मी ऐकलेल्या उत्तम वैज्ञानिक चर्चांपैकी एक होती आणि ती लेखा विभागातून सुरू झाली, हे नोंदवताना मला आनंद होतो.

मुदतीच्या दिवसाबद्दल थोडक्यात. होरायझन युरोपच्या पोर्टलवर मुदत संपेपर्यंत नवी आवृत्ती जुनीची जागा घेऊ शकते, म्हणून अपुरी का होईना, पण एक आवृत्ती आधीच चढवून ठेवण्याचा आपला आग्रह असे. ब्रसेल्सच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत धावपळ करणाऱ्या इतरांच्या तुलनेत आम्ही निवांत होतो.

तो प्रस्ताव मंजूर झाला, पण हे पत्र केवळ त्यासाठी नाही. त्याआधीचे प्रस्ताव नामंजूर झाले तेव्हा मूल्यमापकांचे सारे आक्षेप गृहीतकांवर आणि पद्धतीवर होते. अंदाजपत्रकावर, पात्रतेवर किंवा राहिलेल्या कागदावर एकही नव्हता. आमचे काम विज्ञान म्हणून तोलले गेले आणि विज्ञान म्हणून कमी पडले. कोणत्याही संशोधकाला हवा तो न्याय हाच असतो आणि तो आम्हाला आपल्यामुळे मिळाला.

हे सारे आपण आपले नियत काम सांभाळून, बहुधा कार्यालयाची वेळ संपल्यावर केलेत. आपल्या चांगुलपणावर एखाद्या विद्यापीठाने आपली संशोधनाची व्यवस्था चालवावी, हे मला मान्य नाही. म्हणून या पत्राची प्रत मी कुलसचिवांना पाठवत आहे. प्रस्ताव साहाय्याचे काम आपल्या अधिकृत कर्तव्यांत धरावे, त्या प्रमाणात वेतन देयकांचा भार कमी करावा आणि आपल्या हाताखाली एक सहायक द्यावा, अशी विनंती सोबतच्या अर्जात विभागातील सर्व सहकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्यांसह केली आहे. अर्जात काही राहिले असल्यास आपण नेहमीप्रमाणे पेन्सिलीने खूण करून परत पाठवावा.

आपला कृतज्ञ,
विज्ञान शाखेतील एक प्राध्यापक