विज्ञान दिनानंतरचे पत्र

पुणे,
३ मार्च

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी अजून उत्तर दिले नाही, याची खंत आहे. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझा गुडघा अधूनमधून दुखतो, इतकेच. आज लिहायला बसले ते शनिवारी जे घडले त्यामुळे. ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे, हे मला सुचत नाही.

विज्ञान दिनानिमित्त सदाशिव पेठेत शेंगदाण्यावरील बुरशीविषयी माझे व्याख्यान होते. आरंभ कमलाबाई सोहोनींपासून केला, कारण १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेल्या या बाई पुढे ग्राहक चळवळीत सामान्य गृहिणीसाठी अन्नाच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. मग १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कसे मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध कसा लागला, ते सांगितले. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे निवडून टाकावेत, कारण भाजले, तळले किंवा कूट केले तरी हे विष पुरते नष्ट होत नाही, हे मी दोनदा बजावले.

प्रश्नोत्तरांत पंच्याहत्तरीच्या एक आजी उठल्या. "बाई, चांगले दाणे मी मुलांना ठेवायची. खराब टाकवत नसत, म्हणून त्यांच्या कुटाची आमटी आम्हा दोघांना. हे यकृताच्या कर्करोगाने गेले. माझ्या हातून झालं का ते?"

मी म्हणाले की, एका व्यक्तीच्या आजाराचे कारण असे नेमके सांगता येत नाही. हेपेटायटिस बी असेल तर या विषाचा धोका कितीतरी वाढतो, मद्याचाही वाटा असू शकतो, आणि प्रमाण व काळ माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आजींनी मान डोलावली, "बरं" म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन खाली बसल्या. त्या क्षणापासून मला चैन नाही. त्या दोषाविषयी विचारत होत्या आणि मी कारणाविषयी उत्तर दिले.

तुझ्या आईचे दाणे निवडायचे सूप तुला आठवत असेलच. लाडवासाठी एक ढीग, कुटासाठी दुसरा, आणि तिसरा कोणाच्या ताटात जात असे, हे आपण दोघींनी तिच्या हयातीत कधी विचारले नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात तू मला विचारलेस, तेव्हाही मी तुला असेच बिनचूक उत्तर दिले होते आणि आपण आठ महिने बोललो नव्हतो. तू अन्याय करते आहेस, असे मला इतकी वर्षे वाटत होते. आता तसे वाटत नाही.

२०१९ मधले आपले दुसरे भांडणही आठवले. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीने 'साठ तीन' आले, तेव्हा साऱ्या गावाबरोबर मीही नाक मुरडले होते, आणि "एकवीस वेळा समजावले, आता वीस एक वेळा समजावते" असे लिहून तू मला गप्प केले होतेस. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा टीका सोसून पुन्हा पुन्हा समजावत होत्या, की एककाआधी दशक म्हटले आणि जोडाक्षरे टळली तर मुलाला सोपे जाते. संख्या-सिद्धान्तात संशोधन केलेल्या त्या गणितज्ञ बाईंच्या डोळ्यांसमोर दुसरीतले मूल होते. माझ्या डोळ्यांसमोर शनिवारी पहिल्या रांगेतले सहकारी होते; त्यांनी चूक काढू नये, अशा बेताने मी आजींना उत्तर दिले.

आयोजकांकडून आजींना निरोप पाठवला होता. त्यांनी रविवारी घरी बोलावले आहे. "तुमचा दोष नाही" हे मी छातीठोकपणे सांगू शकते. हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि ज्यांना ठाऊक होते त्या आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत वेळेत पोचलो नाही. पण एवढे ऐकून त्या पुन्हा नुसते "बरं" म्हणाल्या तर काय करू?

तुझी निवृत्ती मे महिन्यातच ना? मधूच्या बदलीचे काय झाले, तेही कळव. पत्र मिळताच फोन कर, शक्यतो शनिवारच्या आत. त्या वेळी आईविषयी मी तुला काय म्हणायला हवे होते, ते मला तुझ्याकडून ऐकायचे आहे.

तुझी,
माधवी